डोळे मिटले होते का?

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच सोडून देतेस, म्हणून ही पत्राची उठाठेव. माझं अक्षर ओळखून न उघडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता कामावरच्या एका मुलीकडून लिहून घेतलाय. चिडू नकोस. उघडलंच आहेस तर आता पुरतं वाच.

ठमीने फोटो पाठवला. मला न विचारता मावशीला फोटो कशाला पाठवलास म्हणून लेकीवर तोंडसुख घेऊ नकोस. तिचा माझ्यावर जीव आहे आणि तो आपल्या भांडणाच्या आधीपासूनचा आहे. लग्न ठरलं म्हणाली. "मावशी, बघ ना, कसा आहे?" बघितला. दिसायला चांगला आहे, उंच, नीटनेटका. शेजारी आपली ठमी अशी उभी आहे, जसा काही पहिला नंबर तिचाच आला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि ताई, मी फोन उलटा करून ठेवला.

या माणसाला मी बघितलंय. कुठे, कसा, ते सांगता येत नाही. कामावरची गोष्ट आहे आणि तिथली गोष्ट बाहेर सांगणार नाही अशी सही करून बसलेय मी. एवढंच म्हणते की लग्न जरा लांबव. घाई कसली आहे? काहीही कारण काढ. माझं आजारपण काढ. मी मेले म्हणालीस तरी चालेल, तसंही तुझ्या लेखी मी कधीच गेलेय.

रविवारी संस्थेत जाऊन दादाला भेटून आले. गोळ्यांनी अंग सुजल्यासारखं झालंय, हात थरथरतात, पण केस विंचरलेले होते आणि मला म्हणाला, "तू म्हातारी दिसायला लागलीस." तुझी चौकशी केली. तू विचारणार नाहीस, म्हणून आपणहून सांगितलं.

तुझी,
धाकटी


२९ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. एका ओळीचं. 'तुझं झालं नाही म्हणून पोरीचंही होऊ द्यायचं नाही का?'

शाबास. इतक्या वर्षांनी बहिणीला एक ओळ लिहिलीस आणि तीही अशी. वाचून आधी तुला चार शिव्या घातल्या, मोठ्याने. मग भांडी घासली, मग परत घातल्या. आता शांत झालेय, म्हणजे तुझ्यामाझ्या हिशोबाने शांत. सही गेली खड्ड्यात. सगळं सांगते.

मी काय काम करते ते तू कधी विचारलं नाहीस. आमच्याकडे मेंदूचे फोटो काढायचं मोठं मशीन आहे. मी ते चालवते. फोटोंचा अर्थ लावायचं काम मोठ्या डॉक्टरांचं. आमच्याकडे तीन तऱ्हेची माणसं येतात. एक तुरुंगातली. त्यांना पोलीस आणतात आणि मशीनमध्ये जबरदस्त लोहचुंबक असतं म्हणून दारातच बेड्या काढाव्या लागतात. त्यातल्या काहींनी काय काय केलंय ते तुला सांगणार नाही, पण सांगताना ते असं सांगतात, जसं आपण बाजारातून काय आणलं ते सांगू. दुसरी दादासारखी, आजारी. आणि तिसरी तुझ्यामाझ्यासारखी, ज्यांना काही झालेलं नाही, तुलना करायला म्हणून बोलावलेली. त्यांना आम्ही आपापसात 'साधे' म्हणतो. आज दोन साधे आहेत, एक साधा आला नाही, असं.

तुझा होणारा जावई साधा म्हणून आला होता.

मशीनमध्ये आडवं झाल्यावर डोळ्यांसमोर चित्रं दाखवतो आम्ही. दारात सापडलेली बोटं, जिन्यावरून पडलेलं मूल, असली. कुणालाही बघून कसंतरी होईल. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, तो अशा वेळी दचकून जागा होतो. साध्यांचा होतोच. आजाऱ्यांतल्या काहींचा तर कोऱ्या भिंतीच्या चित्रालाही होतो, बिचारे सतत घाबरलेले असतात. आणि तुरुंगातल्या त्या काही थोड्यांचा होत नाही. चित्र संपतं, दुसरं येतं, आत सगळं शांत.

तुझ्या जावयाचं सगळं शांत होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मशीन बिघडलं असं वाटून मी तपासलं. मशीन ठीक होतं. बाहेर आल्यावर इतर माणसं जरा भांबावलेली असतात, पाणी मागतात, चपला उलट्या घालतात. याने खिशातून कंगवा काढून केस सारखे केले आणि मला म्हणाला, "काय मॅडम, पास की नापास?" म्हणून लक्षात राहिला.

मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, एकट्या माणसाच्या फोटोवरून काहीही ठरत नाही, शेकडो माणसं एकत्र केली तर कुठे काही बोलता येतं. याला यादीतून वगळा आणि विसरा. त्यांचं बरोबर आहे. मला माहीत आहे बरोबर आहे. आणि तू काय म्हणणार तेही मला माहीत आहे. दादाच्या मेंदूचा फोटो कुणीतरी तुझ्यापुढे धरला, 'हे बघा, इथे पोकळी वाढलीय' म्हणाला, आणि तू घाबरून दादाला त्या संस्थेत ठेवून आलीस. तेव्हा तुझ्या दारात उभी राहून मीच बोंबलले होते की फोटोत माणूस नसतो. आता तीच मी फोटो घेऊन आलेय. तुला हसायचं असेल तर हस.

पण ठमी तुझी एकुलती एक आहे. नुसतं थांब. वर्षभर त्याच्याकडे लक्ष ठेव. चूक निघाले तर तुझ्या दारात नाक घासेन.

धाकटी


१६ फेब्रुवारी

ताई,

तुझा होणारा जावई आज येऊन गेला. माझं पत्र हातात घेऊन! तू माझं पत्र त्याला वाचायला दिलंस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दार उघडलं तर हा समोर. "मावशी, आत येऊ का?" माझी पाचावर धारण बसली. शेजारच्या बाई जिन्यात उभ्या होत्या, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "या, या, जावईबापू!" म्हणजे माझं काही बरंवाईट झालं तर निदान कोणीतरी बघितलेलं असावं.

आता त्याचंच हसू येतंय. ताई, मी चुकले. सपशेल चुकले, आणि असं चुकल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तो चिडला नाही. मोरीतला नळ गळत होता तो आल्या आल्या त्याला दिसला, पाना मागितला आणि बोलता बोलता नीट करून टाकला. म्हणाला, "तुमच्या जागी मी असतो तर मीही लिहिलं असतं. ठमीला तुमच्याइतकं जपणारं दुसरं कोण आहे?" मग टेबलाशी बसला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मला मेलीला गप्प बसलेला माणूस बघवत नाही. शेवटी मीच म्हटलं, "अरे, चित्रं चालू होती तेव्हा तू डोळे मिटले होतेस का?"

कपाकडे बघत राहिला. मान वर केली तर डोळ्यांत पाणी. म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

लहानपणी त्याच्या बहिणीची बोटं दारात सापडली होती म्हणे. ते चित्र आलं आणि त्याला पुढे बघवेना. बाहेर काढा म्हणायची लाज वाटली, म्हणून डोळे घट्ट मिटून पडून राहिला. इतकं साधं! बघितलंच नाही तर मेंदूत उमटणार काय, कपाळ? ज्याला मी दगड समजत होते तो तुझ्यामाझ्यापेक्षा हळवा निघाला.

मग दादाचा विषय निघाला. ठमीने सांगितलं होतं त्याला. आजाराची सुरुवात कशी होते, घरच्यांना आधी काय दिसतं, रक्तात येतं का, ठमीला कधी काही झालं तर वेळीच कसं ओळखायचं, सगळं विचारलं. ताई, आपल्या घरात आजवर कुणी मला हे विचारलं नव्हतं. मी सांगत सुटले. चहा दोनदा गरम केला.

तेव्हा हे मी लेखी देते, हवं तर भिंतीला चिकटव: मुलगा चांगला आहे, त्याच्याविषयी मी जे लिहिलं ते माझ्या घाईचं आणि मूर्खपणाचं होतं, आणि आपल्या घराण्यातल्या आजाराची त्याला जेवढी समज आहे तेवढी आपल्यालाही नाही. खुशाल बार उडवून द्या. मला बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी येईन.

तुझी मूर्ख बहीण


१० एप्रिल

ताई,

घरी पोचले. पाय सुजलेत, घसा बसलाय आणि तू दिलेलं लुगडं कपाटात ठेवायच्या ऐवजी अजून खुर्चीवर टाकून त्याच्याकडे बघत बसलेय. तू मला मिठी मारलीस तेव्हा माझा चष्मा वाकडा झाला, तो तसाच घालतेय.

ठमी किती सुंदर दिसत होती गं. रजिस्टरात सह्या करताना पेन सुटलं तिच्या हातातून. जावईबापूंनी तिचा हात धरला तेव्हा तुझ्यासकट सगळ्या बायका विरघळल्या. मीही.

एक सांगू? सांगण्यासारखं नाही, पण डोक्यातून जात नाही. जेवताना ठमी सांगत होती ना, पहिल्यांदा ते दोघं कुठे भेटले ते? पुस्तकांच्या दुकानात, मैत्रीण बरोबर होती, म्हणाली. तर तो हसून म्हणाला, "हिला काही आठवत नाही, बँकेत भेटलो आम्ही." ती म्हणाली, "अरे, काहीतरीच काय!" तर त्याने पुन्हा इतकं रंगवून सांगितलं, रांग, तिचं हरवलेलं पेन, की सगळे हसायला लागले आणि शेवटी ठमीही म्हणाली, "असेल बाई, बँकच असेल." मला ठमीने ते भेटले त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं. दुकानच होतं.

असो. नवऱ्याबायकोतल्या गमती. माझी खोड जाणार नाही.

तुम्ही तिघं एकत्रच राहणार हे उत्तम केलंस. त्या एवढ्या घरात एकटी कुढत बसली असतीस.

धाकटी


२१ जून

ताई,

हे पत्र एकटी असताना वाच. या खेपेला कुणालाही दाखवू नकोस. पाया पडते.

आमच्याकडे जुनी कामं नीट लावायचं चाललंय. मशीनमध्ये डोळ्यांवर रोखलेला एक बारीक कॅमेरा असतो. तो दुसऱ्याच एका अभ्यासाचा, त्याची चित्रफीत दुसऱ्या खोलीत साठते आणि तिकडे आमच्यापैकी कुणी फिरकत नाही. मीही फिरकले नव्हते. आता ते सगळं चाळून निकामी ते पुसायचं काम माझ्याकडे आलं. त्यात त्याची चित्रफीत निघाली.

डोळे उघडे होते, ताई. सगळा वेळ. पापणी लवायची तेवढीच लवत होती. आणि कॅमेऱ्याला नजर कुठे जाते तेही कळतं. दारात सापडलेल्या बोटांचं चित्र आलं तेव्हा नजर आधी बोटांवर गेली आणि मग चित्रातल्या बाईच्या चेहऱ्यावर. चित्र संपेपर्यंत चेहऱ्यावर. जसं आपण स्वयंपाक शिकताना दुसरीच्या हाताकडे बघतो तसं.

त्याच्या मेंदूचं सोड. डॉक्टर म्हणतात तेच खरं, त्यावरून काही ठरत नाही. पण माझ्या टेबलाशी बसून तो खोटं बोलला, डोळ्यांत पाणी आणून. आणि ते खोटं त्याचं नव्हतंच गं, मीच ताटात वाढून दिलं होतं. आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात की मशीनमधून बाहेर आलेल्याला विचारताना उत्तर प्रश्नात घालायचं नाही. 'आत काय केलंत?' असं विचारायचं. 'झोपलात का?' असं नाही. माणूस भिडेने हो म्हणतो आणि सगळं काम वाया जातं. हे शिकवणारी कोण, तर मी. आणि मीच विचारलं, डोळे मिटले होतेस का? मला तो चांगला निघायला हवा होता. तू परत हवी होतीस. तो गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मला काय ऐकायचंय ते दिसेपर्यंत.

ठमी कशी आहे? माझा फोन ती उचलत नाही. मला खरं काय ते कळव. नाहीतर तिला घेऊन सरळ माझ्याकडे ये. खोली लहान आहे, झोपू तिघी जमिनीवर.

धाकटी


८ जुलै

प्रिय ताई,

काल फोनवर तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी लवकरच निघेल, देव पावला. स्पीकर लावून जावईबापू शेजारीच बसले होते हेही बरं झालं, दोघांशी बोलणं झालं. सध्या तुला आलेली पत्रं तेच वाचून दाखवतात म्हणालीस. आवाज चांगलाच आहे त्यांचा.

माझं मागचं पत्र तुला फार आवडलं म्हणालीस. माझ्या कुंडीतल्या गुलाबांचं वर्णन ऐकून डोळ्यांसमोर बाग उभी राहिली म्हणे. हो, गुलाब छान आलेत यंदा.

ठमीबद्दल ऐकून फार वाईट वाटलं. झोप नाही, घरातल्या वस्तू कुणीतरी हलवतं म्हणते, जवळच्याच माणसावर संशय घेते. अगदी दादाचं झालं तसं, म्हणालीस. वेळीच दवाखान्यात ठेवलंत, तुम्ही जवळ आहात, तेव्हा मी लांबून काय बोलणार.

जावईबापू, मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते मनावर घेऊ नका. वय झालं की माणूस जुन्या कामात नसतं ते शोधत बसतो. मी हात टेकले. हे वाक्य ताईला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

एकदा समोर येऊन माफी मागावी म्हणते. रविवारी आले तर चालेल ना? लगेच परतेन.

तुझी,
धाकटी


१४ जुलै, रविवार

ताई,

तो चहा करायला आत गेला की हे तुझ्या हातात देणार आहे. बोलता येणार नाही, त्याला आतून सगळं ऐकू येतं, आणि बोलायला लागलो की आपण भांडतो. पट्टी निघालीय, चष्मा आहे. या खेपेला स्वतः वाच.

माझ्या घरात एकही कुंडी नाही. गुलाबाचं मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या पत्रात मी लिहिलं होतं की हा माणूस माझ्याशी खोटं बोलला आणि ठमीला घेऊन माझ्याकडे ये. ते हातात धरून त्याने तुला, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बाईला, गुलाब वाचून दाखवले.

मी काल ठमीला भेटून आले. तिला वेड लागलेलं नाही. तिला कळलं होतं की तो लग्नाआधीपासूनच नोकरीवर जात नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि कुठेतरी बसून संध्याकाळी परत येतो. तिने विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तिची किल्ली तिने ठेवलेल्या जागी नसायची. गॅस तिने बंद केलेला, तर चालू. ती तुला सांगायची आणि तो तुझ्यापुढे हळूच मान हलवायचा. तू मला फोनवर जी लक्षणं सांगितलीस ना, झोप, वस्तू, संशय, ती मी त्याला माझ्या टेबलाशी सांगितली होती. त्याच क्रमाने, ताई. मी शिकवलं आणि त्याने करून दाखवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वाईट नाहीत. मी सांगायला गेले तर त्यांनी फाइल उघडून माझंच पत्र माझ्यापुढे ठेवलं. मुलगा चांगला आहे, मी मूर्ख, आणि आपल्या घराण्यात हा आजार आहे. खाली माझी सही. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही तर याच क्षेत्रातल्या. मग आता हे काय?" माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मीही त्याच घराण्यातली, असं असेल.

ठमी रडत नाही. रडली की लिहून ठेवतात. चिडली की लिहून ठेवतात. म्हणून ती दिवसभर हात मांडीवर ठेवून गप्प बसते आणि आता तेही लिहून ठेवायला लागलेत. मला म्हणाली, "मावशी, आईला सांग, दुकानच होतं." एवढंच. मग नर्स आली.

उद्या तिला दादाच्या संस्थेत हलवणार आहेत. तिथून माणूस परत आलेला मी बघितला नाही, तूही नाही. आणि त्या कागदावर सही त्याची नाही. मी विचारून आले. त्याने मोठेपणाने आईला पुढे केलं आणि तू, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, त्याने बोट ठेवलं तिथे सही केलीस. ज्याची सही त्यालाच माणूस परत नेता येतो. मला नाही. मी नुसती मावशी आहे. आज संध्याकाळपर्यंत तू तिथे उभी राहिलीस तर तिला सोडावंच लागेल.

मी तुला दादावरून जे जे बोलले ते सगळं परत घेते. तू घाबरली होतीस. मीही आत्ता घाबरलेय. भांडण नंतर करू, हवं तेवढं, जन्मभर.

आता नीट ऐक. तो कप घेऊन येईल आणि आधी तुझ्या तोंडाकडे बघेल. तो तेच करतो. तोंडावर काहीही दिसू देऊ नकोस. विचारेल, काय लिहिलंय मावशीने? सांग, माफी मागितलीय. पत्र ब्लाउजमध्ये ठेव. चहा पी, सगळा पी, गरम असला तरी. मग म्हण, धाकटीला कोपऱ्यापर्यंत सोडून येते.

तो म्हणेल, आई, मी येतो सोबत. नको म्हण. हसून म्हण.

वाचून झालं असेल तर चपला घाल. गाडी खाली उभी आहे.